ओल्या पोत्याखालचा मणी

मित्रांनो, मला तुमच्या तळहातावर ठेवलं तर तुम्ही बहुधा फुंकूनच टाकाल. साबुदाण्याएवढा मी, रंगाने काळपट, केसासारख्या दोन तारांचे पाय. गव्हातला खडा म्हणून सहज खपून जाईन. पण हा खडा एका रडारच्या पोटात राहतो, आणि ते रडार उमरेडकडच्या एका कोळशाच्या खाणीच्या काठावर उभं असतं. माझं पाळण्यातलं नाव थर्मिस्टर. मला जुळवणाऱ्या, नागपूरजवळच्या वाडीच्या शोभाताईंच्या तोंडात ते काही बसेना, म्हणून त्या मला मणी म्हणू लागल्या आणि तेच नाव लागलं. कितीतरी उन्हाळे पाहिलेला जुना मणी आहे मी. थोडं लांबण लावीन, पण ऐका.

मला जगात एकच गोष्ट येते. गरम झालं की माझ्यातून वीज सरसर धावते, गार झालं की अडखळते. बस. त्या अडखळण्यावरून लोकांना कळतं की माझ्या आजूबाजूला किती तापलंय. तुमची आई तुमच्या कपाळावर हात ठेवते ना, तसला मी एक हात आहे. फार छोटा, पण नेमका.

माझी माती कुठल्या तरी दूरच्या भट्टीत भाजली. त्या मातीत मँगनीज होतं, एवढं मला ठाऊक आहे. आता मँगनीजच्या खाणी आपल्या मनसर-रामटेककडेही आहेत. तिथलाच एखादा कण माझ्यात असावा असं मला मनापासून वाटतं. पुरावा मागू नका. पण नागपूरचं ऊन मला पहिल्या दिवसापासून परकं वाटलं नाही, हे खरं.

वाडीला अमरावती रोडवर ट्रकांची गोदामं आहेत. त्यांच्या मागे एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक छोटा कारखाना होता. तिथे रडारच्या पेट्या जुळवायच्या, तपासायच्या, बिघडल्या तर दुरुस्त करायच्या. शोभाताईंनी चिमट्याने मला उचललं, श्वास रोखला आणि सर्किटच्या हिरव्या पाटीवर माझे पाय डागले.

"हलू नोको वं हिमानी," त्या बाजूच्या मुलीला म्हणाल्या. "हा मणी खाली पडला तं मंग झाडूतच सापडन."

हिमानी म्हणजे कारखान्यातली नवी इंजिनिअर. कॉलेज नुकतंच संपलेलं, केसांत पेन्सिल खोचलेली. तिने मला कुठे बसवायचं ते आधीच ठरवलं होतं. अगदी दादाच्या अंगाला अंग लावून.

दादा म्हणजे ऑसिलेटर. त्याच्या पत्र्याच्या डबीत स्फटिकाची एक चकती असते आणि ती अखंड थरथरते. तो थरथराट म्हणजे रडारचा ठेका. रडार समोर एक लहर फेकतं, ती खाणीच्या भिंतीवर आपटून परत येते, आणि जाऊन यायला किती वेळ लागला ते दादाच्या ठेक्यावर मोजलं जातं. त्यावरून भिंत किती लांब आहे ते समजतं, अगदी नखाएवढ्या फरकापर्यंत. म्हणजे सगळा डोलारा दादाच्या ठेक्यावर. आणि दादाचं दुखणं काय, तर उन्हाने तो संथ होतो. एकतारीची तार तापली की सैल पडते आणि सूर उतरतो, तसंच. ठेका संथ झाला की मोजणी कमी भरते, आणि मोजणी कमी भरली की भिंत जवळ आल्यासारखी दिसते. भिंत बिचारी जागची हललेलीही नसते.

इथे माझं काम सुरू होतं. दादा तापला की त्याच्या अंगाला लागून असलेला मीही तापतो. मी लगेच सांगतो, "गरम आहे." मग पाटीवरचे बाकीचे भाग दादाची खुंटी हळूच पिळतात आणि त्याचा ठेका जागेवर येतो. गार पडलं की मी सांगतो, "गार आहे," आणि खुंटी सैल होते. दिवसभर, वर्षभर आमचं हेच चालतं. दादाला कधी कळतही नाही की आपल्याला कुणी सावरतंय.

हिमानीने आमची परीक्षा फार कडक घेतली. आधी गरम भट्टीत ठेवलं, मग बर्फात, पुन्हा भट्टीत. पडद्यावर दादाच्या ठेक्याची एक रेघ दिसत होती. ती वर गेली नाही, खाली आली नाही. शोभाताईंनी पापड भाजून तपासावा तसं मान तिरकी करून त्या रेघेकडे पाहिलं.

"सरळ हाये न?" त्या म्हणाल्या.

"सुतात आहे ताई, सुतात," हिमानी म्हणाली, आणि पेटीवर टिचकी मारून मला म्हणाली, "शाब्बास रे मण्या."

ती शाब्बासकी मला बरेच उन्हाळे पुरली.

खाणीच्या काठावर आलो तेव्हा मी थक्क झालो. तुम्ही कधी उघडी कोळसाखाण पाहिली नसेल तर डोळ्यांपुढे आणा: जमिनीत खोल खोल पायऱ्या कोरलेल्या, तळाशी काळा कोळसा, तिथे डंपर म्हणजे खेळण्यातल्या गाड्या वाटतात. समोर दगडमातीची उंचच उंच भिंत. ही भिंत कधी सुटेल सांगता येत नाही. पण सुटायच्या आधी ती थोडी थोडी पुढे सरकते. माणसाच्या डोळ्यांना ते दिसत नाही, आमच्या रडारला दिसतं. दिसलं की भोंगा वाजतो आणि खालची सगळी माणसं वर येतात.

रडारची देखभाल चंद्रभानकाकांकडे होती. मूळचे उमरेडच्या विणकरांच्या आळीतले. त्यांच्या लहानपणी घरात खड्ड्याचा हातमाग होता. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की सूत कडक पडून तुटायचं, म्हणून त्यांची आई मागाभोवती पाणी शिंपायची आणि दारा-खिडक्यांना ओली पोती टांगायची. पोती भिजवायचं काम लहानग्या चंद्रभानचं. पुढे माग मोडीत निघाला आणि काका खाणीत नोकरीला लागले. पण माणूस लहानपणी ज्या रीतीने एकाची काळजी घ्यायला शिकतो ना, त्याच रीतीने पुढे सगळ्यांची घेतो. काका रोज सकाळी रडार पुसायचे, त्याच्याशी बोलायचे, आणि खाणीत उतरणाऱ्या एका डंपरकडे बराच वेळ बघत राहायचे. तो डंपर त्यांची मुलगी करिष्मा चालवायची.

आमचे दिवस उत्तम चालले होते. मग एका हिवाळ्यात पेटीतली पाटी बिघडली आणि पेटी दुरुस्तीला वाडीला गेली. हिमानी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होती. दुसऱ्याच कुणीतरी पाटी बदलली, दादाला नव्या जागी बसवलं, आणि मला ठेवायला तिथे जागा उरली नाही. त्या माणसाने थोडा विचार केला. मग माझ्या पायांना लांब तारा जोडून मला पेटीच्या झाकणाला, आतल्या बाजूने, गोंदाने चिकटवून दिलं. पेटी तीच, हवा तीच, काय फरक पडतो, असं त्याला वाटलं असेल. शोभाताई तेव्हा नागपुरात नव्हत्या. हिवाळा होता, रेघ सरळ दिसली, पेटी परत आली.

दादा खाली, मी वर. मधे वीतभर अंतर. हिवाळ्यात तेवढं जाणवलं नाही. मग वैशाख आला.

मित्रांनो, नागपूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगावं! पेटीचा पत्रा तव्यासारखा तापला. चंद्रभानकाकांनी सवयीने पेटीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"अरे बापा, काहून एवढा तापून राहिला तू?" ते कळवळून म्हणाले. "थांब गा, थांब."

ते गेले आणि बादलीभर पाण्यात भिजवलेलं गोणपाट घेऊन आले. ते त्यांनी पेटीच्या झाकणावर नीट पसरलं, कडा खोचल्या, वरून पाण्याचा हबका मारला. "घे. आता थंडा हो."

आणि माझा जीव गारेगार झाला! वरून पाणी झिरपतंय, वाऱ्याने पोतं आणखी गार होतंय. मी सांगितलं, "गार आहे." खरंच होतं ते. मी जिथे चिकटलो होतो तिथे गारच होतं. पण खाली दादा आपल्या बंद डबीत भाजत होता, आणि त्याच्याबद्दल सांगणारं आता कुणी नव्हतं. गार आहे म्हटल्यावर खुंटी सैल झाली. दादाचा ठेका संथ पडला, मोजणी कमी भरली, आणि शेजारच्या केबिनमधल्या पडद्यावर समोरची अख्खी भिंत पुढे आली. भोंगा वाजला.

पहिल्या दिवशी सगळे धावत वर आले. भिंत मुकाट उभी. दुपार कलली, पोतं वाळलं, पडद्यावरची भिंत पुन्हा ठिकाणावर गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काकांनी पोतं भिजवलं की थोड्याच वेळात भोंगा. भोंगा वाजला की काका घाबरून आणखी पाणी मारायचे. त्यांना वाटायचं, यंत्राला उन्हाचा त्रास होतोय, त्याला आणखी सांभाळलं पाहिजे.

खाली चेष्टा सुरू झाली. दुपारचा भोंगा म्हणजे जेवणाची सूचना, असं डंपरवाले म्हणू लागले. डबा उघडून खाणीतल्या एका जुन्या पायरीवर वाढलेल्या झाडाखाली बसायचे आणि वरही यायचे नाहीत. करिष्मा मात्र रोज डंपर वर आणायची. एकदा प्रज्वल नावाचा दुसरा ड्रायव्हर तिला म्हणाला, "बापाचा भोंगा हाये न, पोरीले तं यावंच लागते."

"तुमच्या बापाचा असता तं तुम्ही बी आले असते, प्रज्वलभाऊ," ती खिडकीतूनच म्हणाली. सगळे हसले.

पण रोज रोज हसं झालं की माणूस थकतो. एका दुपारी भोंगा वाजला तेव्हा करिष्माचा डंपर जागचा हलला नाही. वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला, "बाबा, आजचं खरं हाये का?"

चंद्रभानकाकांनी बटण दाबलं.  आणि सोडून दिलं. 'हो' म्हणावं तर खात्री नाही, 'नाही' म्हणावं तर मुलगी भिंतीखाली आहे. मी झाकणाला चिकटून ते सगळं ऐकत होतो. दुसरं काही मला येत नाही, म्हणून मी सांगत राहिलो, "गार आहे."

त्याच संध्याकाळी खाणीचे मुकुंदसाहेब आले. माणूस वाईट नव्हे, पण रोज दुपारी खाण उभी राहते म्हणून वरच्यांची बोलणी तेच खात होते.

"काका, तुमच्या रडारले ऊन सोसत नसन तं त्याले माहेरी पाठवून द्या," ते म्हणाले.

"साहेब, उद्या वाडीहून इंजिनिअर येऊन राहिली. मी फोन केला."

"येऊ द्या. पण उद्या दुपारी बी हेच नाटक झालं तं मी भोंग्याची तार काढतो. रडार पाहत राहो, बोंबलाचं काम नाही. मले वाटलं तं मी सांगीन लोकायले."

"आन् तार काढल्यावर खरंच भित्तड आलं तं?"

मुकुंदसाहेबांनी खाली बोट दाखवलं. "आत्ता बी कोण ऐकते, सांगा?"

 

दुसऱ्या सकाळी हिमानी आली. डोक्याला पांढरा दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा, हातात हत्यारांची पेटी. मधल्या काळात ती आई झाली होती. बाळाला सासूकडे सोडून आली होती आणि आल्या आल्या एकदा फोन करून ते झोपलं का ते विचारून घेतलं. मग केबिनमध्ये पडद्यासमोर बसली. सकाळची गार वेळ, पोतं कोरडं. दादाच्या ठेक्याची रेघ सरळ. तिने भाग तपासले, वीज तपासली. सगळं ठीक.

"आजार दाखवाले दवाखान्यात आणलं की पोरगं खेळाले लागते, तसं हाये हे," काका ओशाळून म्हणाले.

"दुपार होऊ द्या काका," ती म्हणाली. "मी इथेच बसते."

दुपार झाली. हिमानी केबिनमध्ये पडद्यावर नजर लावून होती. बाहेर काकांनी बादली उचलली. आज तर इंजिनिअर आलेली, आज रडारला काही कमी पडायला नको! त्यांनी पोतं चिंब भिजवलं आणि मायेने माझ्या डोक्यावर पसरलं. थोड्या वेळाने पडद्यावरची भिंत लाल झाली. भोंगा वाजला.

वॉकीटॉकीवर मुकुंदसाहेब गरजले, "झालं! वाजली यांची घंटी. येतो मी पक्कड घेऊन."

हिमानी मात्र जागची उठली नाही. ती पडद्याकडे बघत राहिली, मग काकांना आत बोलावलं.

"काका, हे पाहा. भिंत वरपासून खालपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकाच मापाने पुढे आली आहे."

"हाव. रोज अशीच येते."

"अशी येत नसते भिंत. सुटली तर कुठून तरी एका जागेहून सुटते. मागावर कापड फाटतं तेव्हा सगळं एकदम फाटतं का?"

"नाही. आधी एक धागा जाते."

"मग! हे भिंतीचं नाही. आपल्या पेटीचंच काहीतरी आहे."

ती ताडकन बाहेर आली. पेटीवर हात ठेवला आणि दचकली. बाहेर एवढी आग ओकणारी दुपार, आणि पेटी माठासारखी गार! पोत्याच्या कडेने पाणी ठिबकत होतं.

"हे पोतं?"

"मीच टाकतो. रोज," काका अभिमानाने म्हणाले. "आमच्या घरी मागाले असंच जपत होतो."

हिमानीने पोतं बाजूला केलं, झाकण उघडलं, आणि मी तिला दिसलो. गोंदात रुतलेला, लांब तारांना लटकलेला. "मण्या?" ती म्हणाली. "तुला इथे कोणी आणून ठेवलं?" मग तिने दादाच्या डबीला बोट लावलं आणि 'हाय' करून ते तोंडात घातलं.

ती तिथेच खाली बसली आणि हसायला लागली. काका बावचळले.

"काय झालं म्याडम?"

"काका, मागच्या महिन्यात माझ्या पोरीले ताप होता. मी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली. थोड्या वेळाने त्या पट्टीवरूनच हात लावला आणि सासूबाईंना म्हटलं, उतरला ताप. तर त्या म्हणे, 'अवं बह्याड, पट्टीचा ताप पाहून राहिली का पोरीचा?'" तिने माझ्याकडे बोट केलं. "हा आपला हात आहे. आणि याला पट्टीवर ठेवलाय. खाली ज्याला ताप आहे त्याला कोणी हातच लावून नाही राहिलं."

काकांना समजायला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच त्याले रोज बोंबलवत होतो?"

"तुम्ही कशाले? याला झाकणाला डकवणारा आमच्या वाडीचा आहे. त्याचं मी पाहते. तुम्ही तर जपलंच ना पेटीला."

तोवर मुकुंदसाहेब येऊन ठेपले होते. हातात खरोखरच पक्कड होती.

"सर, दुपार अजून संपली नाही," हिमानी म्हणाली. "मले थोडा वेळ द्या. तुम्ही ताक प्या तोवर."

"ताक पिऊन काय होईन?"

"तुम्ही थंडे व्हाल. रडारचं मी पाहते."

काकांनी हसू दाबत साहेबांना ताकाचा पेला दिला. हिमानीने गोंद खरवडून मला मोकळं केलं. माझ्या लांब तारा कापल्या, मला दादाच्या डबीला टेकवलं, दोघांमध्ये उष्णता नीट जावी म्हणून पांढऱ्या लेपाचा ठिपका दिला, आणि वरून फोमची छोटी टोपी घातली, वाऱ्याची झुळूक मला एकट्याला लागू नये म्हणून. मित्रांनो, त्या क्षणी दादाची धग माझ्या अंगाला लागली आणि मला कळलं की तो किती दिवस एकटा भाजत होता. मी जोराने सांगितलं, "गरम आहे! फार गरम आहे!" खुंटी पिळली गेली. पडद्यावरची भिंत सावकाश मागे सरली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

"आता पोतं टाका काका," हिमानी म्हणाली.

"काय?" मुकुंदसाहेब आणि काका एकदमच म्हणाले.

"टाका. चांगलं भिजवून टाका. परीक्षा तर झाली पाहिजे ना."

काकांनी भीत भीत पोतं टाकलं आणि तिघंही केबिनमध्ये पडद्यापुढे गेले. झाकण गार पडलं. पण मी आता दादापाशी होतो. त्याच्या अंगात जे असेल तेच मी सांगणार. रेघ सरळ राहिली. साहेबांनी रेघेकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, ताकाचा पेला खाली ठेवला.

"पुढच्या खेपेस याच्यावर छपरी टाकून देऊ," हिमानी काकांना सांगत होती, "हातभर उंच, हवा खेळेल अशी. म्हणजे सावली पेटीतल्या सगळ्यांवर पडेल. पोतं त्या छपरीवर टाका हवं तर, मले काही..."

ती थांबली. पडद्यावर एक बारीकशी पट्टी पिवळी झाली होती.

"घ्या!" मुकुंदसाहेब म्हणाले. "झालं पुन्हा सुरू."

हिमानी वाकून बघू लागली. भिंतीच्या उजव्या अंगाला, जुन्या मातीच्या ढिगाखाली, एक उभी पट्टी पुढे येत होती. पिवळी होती ती केशरी झाली.    आत्ताच तिने स्वतःच्या हाताने केलेलं काम. ते चुकलं असेल आणि आज पुन्हा खोटा भोंगा वाजला, तर या खाणीत भोंगा कायमचा मुका होणार.

"सर, त्या पट्टीकडे पाहू नका," ती म्हणाली. "बाकीच्या भिंतीकडे पाहा."

साहेबांनी पाहिलं. बाकीची भिंत शांत होती. वरची, खालची, डावीकडची, सगळी जागच्या जागी. पेटी बिघडली असती तर सगळी भिंत हलली असती. हलत होती ती एकच पट्टी.

"एक धागा गेला," चंद्रभानकाका हळूच म्हणाले.

मुकुंदसाहेबांनी पक्कड खिशात टाकली. "वाजवा. लाल झाल्यावर नाही, आत्ताच."

भोंगा वाजला. आणि खाली, मित्रांनो, काही झालं नाही. एक दोन गाड्या हलल्या. बाकीचे झाडाखाली डबे सोडून बसलेले. एका ड्रायव्हरने तर वर बघून हात हलवला. करिष्माचा डंपर त्या पट्टीच्या अगदी खालच्या रस्त्यावर उभा होता.

काकांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरली. तिने विचारायची वाट पाहिली नाही.

"करिष्मा, बाबा बोलून राहिलो. आज खरं हाये. एकटी येऊ नोको, सगळ्यायले घेऊन ये."

 पलीकडे डंपरचा हॉर्न सुरू झाला आणि थांबेचना. ती हॉर्न दाबूनच झाडाखाली गेली. तिथलं तिचं ओरडणं वॉकीटॉकीवर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं:

"प्रज्वलभाऊ, डबा राहू द्या न! तंगड्या हालवा! बाबा खरं म्हणून राहिले!"

"कायवरून खरं?"

"त्यायचा आवाज ऐकला मी! बसा गाडीत, नाही तं उचलून टाकीन!"

माणसं उठली. एक उठला की दुसरा उठतो. गाड्या रांगेने वर चढू लागल्या, सगळ्यात शेवटी करिष्माची. पडद्यावरची पट्टी लाल झाली. दादा तापत होता, मी सांगत होतो, खुंटी पिळत होती, आणि त्या लाल पट्टीच्या दोन्ही बाजूंना भिंत अजिबात हलत नव्हती. आयुष्यात मी इतकं चोख काम कधी केलं नसेल.

आधी खडे गळले. मग वरच्या ढिगाची माती धारेने खाली आली. आणि मग ती पट्टी, वरपासून खालपर्यंत, खिडकीचा पडदा निसटून पडावा तशी खाली बसली. आवाज नंतर आला. धुळीने तळ भरून गेला. रस्ता, झाड, काही दिसेना. वर सगळे मोजायला लागले, तू आला का, तो आला का. सगळे आले होते.

 प्रज्वल म्हणाला, "माझा डबा गेला बापा."

"तू गेला का?" करिष्माने विचारलं.

"नाही."

"मंग चूप बस."

ती केबिनपाशी आली तेव्हा काका खुर्चीवर बसले होते, वॉकीटॉकी अजून तोंडाशीच धरलेली. तिने त्यांच्या हातातली वॉकीटॉकी काढून टेबलावर ठेवली आणि शेजारी जमिनीवर बसून राहिली. मुकुंदसाहेब फोनवर कुणाला तरी मोठ्याने सांगत होते, "नाही, एकालेही खरचटलं नाही." हिमानी दाराबाहेर जाऊन घरी फोन लावत होती, बाळ उठलंय का, एवढंच तिला विचारायचं होतं.

त्या गडबडीत माझी आठवण कुणाला झाली नाही. होऊ नये तेच बरं. मी आठवलो की समजावं, माझं काहीतरी बिघडलंय.

मित्रांनो, आता मी दादाच्या अंगाला टेकून आहे आणि माझ्या कामात मला कसलीही शंका नाही. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरी, शाळेत, रस्त्यावर एखादी वस्तू किंवा एखादं माणूस पुन्हा पुन्हा ओरडू लागलं आणि तुम्ही त्याला कंटाळलात, तर त्याचं तोंड बांधायला धावू नका. ते खोटं बोलतंय असंही लगेच म्हणू नका. कदाचित त्याला पोळतंय एकीकडे आणि तुम्ही पाणी घालताय दुसरीकडे. जरा जवळ जा, आत डोकावा, आणि त्याचं नेमकं कुठे दुखतंय ते शोधून काढा. मग एक दिवस ते तुम्हाला हाक मारील, आणि तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवून हातातला घास तसाच टाकून उठाल.